मुक्काम पोस्ट, चाकांवर

काकांची आठवण निघाली की मला आधी राग येतो. माया, आदर, हसू वगैरे जे काही यायचं ते मागाहून येतं. आणि आठवण तर दर आठवड्याला निघते, कारण त्यांचं टपाल अजून माझ्या आल्मेरेच्या घरी येऊन पडतं. परवाच एक जाडजूड पाकीट आलं. ते उचलताना मी एवढ्या मोठ्याने पुटपुटत होते की नवऱ्याला वाटलं मी फोनवर कुणाशी तरी भांडतेय.

ब्रेडा या डच शहरातल्या ऑफिसात ते माझे सीनियर होते. मी पुण्याहून आले तेव्हा स्टेशनवर मला घ्यायला आले. हातात माझ्या नावाची पाटी नव्हती, एक छत्री होती आणि एक केळं. "भूक लागली असेल," म्हणून केळं माझ्या हातात दिलं आणि माझी बॅग उचलून चालायला लागले. सगळे त्यांना काका म्हणत, तेव्हा त्यांचे केसही पिकले नव्हते. लग्न केलेलं नव्हतं. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी कारण विचारलं की म्हणत, "कुणी विचारलंच नाही," आणि ताटातला वडा उचलत. मला मात्र पहिल्या दिवसापासून बाईसाहेब म्हणायचे. मी सव्वीस वर्षांची होते आणि मला सायकलसुद्धा नीट चालवता येत नव्हती.

या देशात आल्यापासून त्यांनी अकरा भाड्याची घरं बदलली. दर वेळी मालकाला एकतर घर विकायचं असे, नाहीतर मालकाच्या मुलीला तिथे राहायचं असे. काकांनी एकदाही वाद घातला नाही. करार संपायच्या आदल्या दिवशी घर झाडून, पुसून, किल्ली टेबलावर ठेवून निघायचे. करारात भिंतीला खिळा ठोकायचा नाही असं लिहिलेलं असतं, म्हणून त्यांनी अकराही घरांत कॅलेंडर जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलं. तारीख बघायची तर उकिडवं बसायचं. मी म्हणायचे, अहो, सगळे ठोकतात, जाताना भोक बुजवायचं, कोण बघतंय. तर म्हणायचे, "लिहून दिलंय ना आपण." या एका वाक्याने माझ्या डोक्यात तिडीक जायची, आजही जाते.

आणि मग या माणसाने एक कॅरॅव्हान घेतली. गाडीमागे जोडून ओढायचं घर.

नवी असती तर निदान समजलं असतं. ही पन्नासेक वर्षांपूर्वीची होती. ब्रेडाच्या बाहेर एका शेतावरच्या गोठ्यात धूळ खात पडलेली, अंड्यासारखी गोल, आणि आत मांजरांच्या दोन-तीन पिढ्या नांदून गेलेल्या. त्या शेताची मालकीणबाई विधवा होती. शेताच्या कडेला तिचं छोटंसं कॅम्पिंग होतं, उन्हाळ्यात लोक तंबू घेऊन येत. तिने काकांना गोठ्याचा एक कोपरा वापरायला दिला. पुढची दोन वर्षं प्रत्येक शनिवार-रविवार काका त्या कॅरॅव्हानपाशी होते. वरचा पत्रा काढला तर आतली लाकडी चौकट बिस्किटासारखी भुगा होऊन हातात आली. ती त्यांनी अख्खी नव्याने केली. खिडक्यांची रबरं बदलली, दोन शेगड्यांचा जुना गॅस घासून चकचकीत केला, आणि टेबल खाली पाडून त्याचा पलंग होतो ती खिट्टी चार वेळा बनवली, कारण तीन वेळा ती करकरत होती.

तेव्हापासून त्यांना ओलीचं वेड लागलं. कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला तळहात लावायचे. आमच्या आल्मेरेच्या नव्याकोऱ्या घराची वास्तुपूजा चालू असताना न्हाणीघरापाशी जाऊन भिंतीला हात लावला आणि सासूबाईंसमोर म्हणाले, "ओल आहे." सासूबाईंना ते अशुभ वाटलं. मला त्यांचा भयंकर राग आला. तीन महिन्यांनी पोपडे निघाले, तेव्हा तर फारच आला.

दुसरं वेड वजनाचं. कॅरॅव्हान ओढायची तर जड सामान बरोबर चाकांच्या वर हवं, पुढे-मागे झालं की ती रस्त्यावर झुलायला लागते. म्हणून दाराशी वजनाचा आकडा, म्हणजे हुकाचा ताणकाटा, टांगलेला. आत जाणारी प्रत्येक वस्तू त्याला लटकवून वहीत लिहायची. एकदा मी डिंकाचे लाडू घेऊन गेले, तर डबा आकड्याला लावून म्हणाले, "तीनशे ग्रॅम जास्त आहेत. इथेच बसून खा." मी पायरीवर बसून चार लाडू खाल्ले. ते समोर उभे राहून आकडा बघत होते.

सगळं पुरं झालं तेव्हा त्यांनी आतल्या भिंतीत एक खिळा ठोकला आणि त्याला कॅलेंडर टांगलं. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. साठीकडे झुकलेला माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर ताठ उभा राहून तारीख वाचत होता. मला तेव्हा राग आला नाही, हे कबूल करते.

वास्तुशांतही केली त्यांनी. पुण्याच्या गुरुजींना फोनच्या पडद्यावर बसवलं. गुरुजींनी विचारलं, दार कुठल्या दिशेला आहे. काका म्हणाले, "सध्या पूर्वेला. चालत नसेल तर फिरवतो." गुरुजी म्हणाले, राहू द्या. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण हवं होतं, ते मिळेना, म्हणून मालकीणबाईने तिच्या बागेतल्या लॉरेलच्या झुडपाची पानं दिली. वर पाटी लागली, त्यांनी स्वतः कोरलेली. त्यांचं नाव आणि खाली 'मु. पो. कॅरॅव्हान'. मालकीणबाईने अर्थ विचारला तेव्हा म्हणाले, मुक्काम पोस्ट. आमच्याकडे माणसाच्या पत्त्याची सुरुवातच मुक्कामाने होते.

मंडळाच्या गणपतीत यावर काय काय विनोद झाले ते मी इथे लिहिणार नाही. तीन मजली घरांचे हप्ते फेडता फेडता ज्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं तीच माणसं "काका डब्यात राहायला गेले" म्हणून हसत होती. त्यांच्यातल्या निम्म्यांनी नंतर उन्हाळ्यात "मुलांना जरा दाखवायचं होतं" म्हणत तिथे जाऊन फुकट पोहे खाल्ले. काकांनी प्रत्येकाला पोहे केले, वर खोबरं घातलं.

वर्षातले तीनेक महिने ते फिरत. जुन्या गाडीला कॅरॅव्हान जोडायची आणि ताशी सत्तरने निघायचं. एकदा आम्ही नवरा-बायको त्यांच्याबरोबर लिंबुर्गला गेलो. दीड तासाचा रस्ता, आम्हाला पावणेचार तास लागले. मागे गाड्यांची ही रांग. ट्रकवाले भोंगे वाजवून पुढे जात होते, आणि काका प्रत्येकाला हात करून "जा बाबा, जा," म्हणत होते. दर अर्ध्या तासाने थांबून चाकांना हात लावून ती किती तापली ते बघायचे. मी चिडून म्हटलं, काका, आपण पोचणार कधी? तर म्हणाले, "घर बरोबर आहे. न पोचून बिघडलंय काय?" मी लिंबुर्गपर्यंत तोंड फुगवून बसले.

फिरणं झालं की ते परत मालकीणबाईच्या कॅम्पिंगवर. ऑफिस तिथून सायकलने पंचवीस मिनिटं. पत्रव्यवहारासाठी त्यांनी माझा आल्मेरेचा पत्ता रीतसर नोंदवला होता, फिरत्या माणसाला तशी सोय आहे. सगळं कसं सुरळीत होतं. म्हणजे, मी शहाणपणा पाजळेपर्यंत होतं.

आता हे माझ्या शहाणपणाचं प्रकरण सांगते. ऑफिसात भारतातून नवी मुलं आली की मी त्यांचा एक वर्ग घ्यायचे, इंग्रजी बोलताना आपण काय चुका करतो त्याचा. माझं डचही उत्तम, परीक्षा पहिल्या झटक्यात पास, त्यामुळे माझा रुबाब होता. पहिली चूक ठरलेली: आपण म्हणतो "आय स्टे इन ब्रेडा". मी फळ्यावर लिहायचे, स्टे म्हणजे चार दिवस मुक्काम, कायम राहणं म्हणजे लिव्ह. डचमध्येही तसंच, मुक्कामाला फरब्लाइव्हन, राहण्याला वोनन. एकदा काका मागच्या बाकावर येऊन बसले होते. हात वर करून म्हणाले, "बाईसाहेब, मराठीत दोन्हीला राहणंच म्हणतात. मावशीकडे दोन दिवस राहिलो, आणि जन्मभर पुण्यात राहिलो. आपली काही पंचाईत झाली नाही." पोरं हसली. मी म्हटलं, काका, इथे होते पंचाईत. आणि पुढच्या चुकीकडे वळले.

मग एका सप्टेंबरात खेमेंटेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, एक तपासनीस बाई कॅम्पिंगवर येणार असं कळलं. नियम असा आहे की कॅम्पिंगवर मौजेसाठी मुक्काम करावा, तिथे राहू नये. का राहू नये? त्याच गावात चर्चच्या मागे दोन घरं वर्षानुवर्षं रिकामी पडलीत, पडदे ओढून. ते चालतं. घर आहे आणि माणूस नाही, हे कायद्यात बसतं. माणूस आहे, स्वच्छ आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण त्याच्या घराला चाकं आहेत, हे बसत नाही. मालकीणबाई घाबरली होती, कारण कुणी राहताना सापडलं तर तिचा परवानाच जाणार. काका म्हणाले, "बाईसाहेब, तू ये. तुझं डच चांगलं आहे. मी काही भलतंच बोलेन."

मी सुट्टी टाकून गेले. तपासनीस पोरसवदा होती, गोड बोलायची, हातात टॅब्लेट. तिने कॅरॅव्हान बाहेरून बघितली, फार सुंदर केलीय म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. मग काकांना इंग्रजीत विचारलं, "तुम्ही इथे काय करता?"

काका म्हणाले, "आय स्टे हिअर ओन्ली, मॅडम."

तिचा चेहरा खुलला. मला तो चेहरा अजून दिसतो. ती माझ्याकडे वळली आणि डचमध्ये म्हणाली, "म्हणजे हे इथे मुक्कामाला आहेत. फरब्लाइव्हन. बरोबर ना?" तिचं बोट टॅब्लेटवरच्या त्या चौकटीवर टेकलेलं होतं. फक्त दाबायचं बाकी होतं.

आणि मी हसले. पंधरा वर्षांच्या सवयीने हसले, आपल्या माणसाची इंग्रजी सुधारताना हसते तशी, आणि अस्खलित डचमध्ये म्हणाले, "नाही, नाही. भारतात आम्ही स्टे म्हणतो त्याचा अर्थ राहणं असा असतो. त्यांना म्हणायचंय, ते इथे राहतात. हाय वोन्ट हिअर."

मालकीणबाईने डोळे मिटले. तेव्हा कुठे मला कळलं मी काय बोलले ते. तपासनीसने बोट उचललं. तिलाही नको होतं ते, शपथेवर सांगते. तिने काकांकडे वळून इंग्रजीत सावकाश विचारलं, जसं लहान मुलाला उत्तर बदलायची संधी द्यावी तसं. "सर, तुम्ही इथे राहता का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं समजलं होतं. डच येत नसलं तरी वोनन हा शब्द त्यांना माझ्याच वर्गातून ठाऊक होता. नाही म्हणायचं, एवढंच होतं. माझी चूक झाली, ही बाई उगाच बोलतेय, असं म्हटलं असतं तर मी तिथल्या तिथे माझं बोलणं मागे घेतलं असतं. पण मग सरकारी माणसासमोर मी खोटी पडले असते.

"येस," काका म्हणाले. "शी इज राईट. शी नोज द लँग्वेज."

या वाक्यासाठी मी त्यांना कधी माफ करणार नाही. ती गेल्यावर मी रडत रडत सॉरी म्हणायला लागले, तर म्हणाले, "तू चुकीचं काय बोललीस? राहतोच की मी." आणि चहा टाकला. दूध वजनात बसत नाही म्हणून कोरा.

हुकूम आला, सहा आठवड्यांत जागा सोडा, नाहीतर मालकीणबाईचा परवाना रद्द. मी हरकत घेतली. दहा पानी अर्ज लिहिला, प्रत्येक वाक्य दोनदा तपासून. त्यात दुभाष्याची चूक, शब्दाचे दोन अर्थ, मावशीकडचे दोन दिवस, सगळं घातलं. खेमेंटेतल्या खिडकीमागच्या साहेबाने तो अर्ज वाचून मला ऐकवलं, की एवढं निर्दोष डच लिहिणाऱ्या बाईंचा एका साध्या क्रियापदात गोंधळ झाला असेल हे पटायला अवघड आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन मी ते परीक्षेचं प्रमाणपत्र भिंतीवरून काढलं आणि कपाटात टाकलं.

काकांना म्हटलं, कोर्टात जाऊ. तर म्हणाले, "बाईचं कॅम्पिंग बंद पाडायचं का माझ्यापायी?" मी म्हटलं, मग माझ्या शेजारी फ्लॅट बघते, मोठा आहे, स्वस्त आहे. म्हणाले, "त्याला खिळा ठोकू देतात का, विचार." मी फोन आपटला.

हरकतीचा निकाल मुदत संपायच्या चार दिवस आधी माझ्या घरी आला. मी तो घेऊन शनिवारी सकाळी गेले. कॅरॅव्हान गाडीला जोडून उभी होती. तंबूचा पडदा, खुर्च्या, कुंड्या, सगळं वजन करून आत गेलेलं. काका पायरीवर बसले होते. म्हणाले, "वाच."

मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. अर्ज फेटाळला आहे. मालकिणीचा परवाना कायम आहे. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य मी गाळलं आणि खालच्या सहीवर आले.

"एक ओळ राहिली," काका म्हणाले.

"काही नाही हो. सरकारी भाषा."

"वाच."

मी वाचलं. 'दुभाषी बाईंनी दिलेल्या स्पष्ट निवेदनानुसार व अर्जदाराने त्यास दिलेल्या दुजोऱ्यानुसार, अर्जदार हे या ठिकाणी राहतात.'

"शब्द कुठला आहे?"

"वोनन."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि त्या शब्दावर बोट ठेवायला सांगितलं. मी ठेवलं. खिशातून त्यांचं निवासाचं कार्ड काढलं, त्यावर काय लिहिलंय विचारलं. मी सांगितलं, फरब्लाइफ. मुक्काम. दर पाच वर्षांनी नवं मिळतं, प्रत्येकावर तेच असतं.

"बघ," ते म्हणाले. "एकवीस वर्षं मला सगळ्यांनी मुक्कामच लिहून दिला. हा माणूस इथे राहतो, असं लिहिलेला हा पहिला कागद."

"काका, हा कागद तुम्हाला हाकलतोय."

"हाकलू दे. लिहिलंय बरोबर."

त्यांनी कागदाची नीट घडी केली, आकड्याला लावून वजन बघितलं, वहीत लिहिलं आणि कागद आत ठेवला. मला भयंकर संताप आला. या माणसाने मला एक शिवी दिली असती, एकदा तरी तुझ्यामुळे झालं असं म्हटलं असतं, तर मी मोकळी झाले असते. मालकीणबाई येऊन त्यांना सफरचंदांची पिशवी देऊन गेली. तिच्या पिशवीचं त्यांनी वजन केलं नाही.

मग ते गाडीत बसले. काच खाली करून म्हणाले, "ब्रेक दाबतो. मागचे दोन्ही दिवे लागतात का सांग." ते काही ब्रेक दाबणाऱ्याला स्वतःला बघता येत नाही, मागे कुणीतरी उभं लागतंच.

मी मागे गेले. त्यांनी ब्रेक दाबला. दोन्ही दिवे लालभडक लागले.

"डावा लागत नाही," मी म्हणाले.

ते उतरून आले. डाव्या दिव्याची काच काढली, बल्ब काढला, रुमालाने पुसून परत बसवला आणि गाडीत जाऊन बसले. "आता?"

"नाही."

पुन्हा उतरले. या वेळी जोडणीची वायर उघडली, एकेक पिन घासली, गुडघे चिखलात टेकून पाऊण तास खटपट केली. मी बाजूला उभी राहून पाना देत होते. माझ्याकडे त्यांनी वर बघितलं नाही. दुपार व्हायला आली, मालकीणबाईने खिडकीतून दोनदा डोकावून बघितलं. दिवा शाबूत आहे हे त्या माणसाला पहिल्याच खेपेला कळलं असणार. सगळी जोडणी त्याने स्वतःच्या हाताने केलेली होती.

तिसऱ्यांदा ते गाडीत बसले. ब्रेक दाबून ठेवला. मग खिडकीतून हात बाहेर आला आणि ते म्हणाले, "बाईसाहेब, आता दिसतंय ते सांग."

"लागतात," मी म्हणाले.

"दोन्ही?"

"दोन्ही," मी म्हणाले, आणि त्यांनी ब्रेक सोडला.